भाकरी सोडली म्हणजे वजन उतरतं का? ‘महिन्यात ६ किलो’वाल्या पोस्टला उत्तर

कृष्णाकाठ

सांगलीतल्या एका जिमची पोस्ट आठवडाभर सगळ्या ग्रुपवर फिरतेय. ‘भात, भाकरी, चपाती, डाळ बंद. अंडी, पनीर, चिकन, बटर पोटभर. महिन्यात ६ किलो कमी, शुगर नॉर्मल, गोळ्या बंद.’ वजनाचं एक वेळ सोडून देऊ, पण ‘गोळ्या बंद’ वाचल्यावर गप्प बसवेना.

आधी ते ६ किलो. यकृतात आणि स्नायूंत मिळून ४००-५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी. कार्ब, म्हणजे धान्य-साखरेतली कर्बोदकं, दिवसाला २०-३० ग्रॅमवर आणले की हा साठा काही दिवसांतच बराचसा उपसला जातो. इन्सुलिन उतरतं, मूत्रपिंड मीठ सोडायला लागतं, मिठाबरोबर आणखी पाणी जातं. काटा दीड-दोन किलो खाली येतो, त्यात चरबी थोडीच. जत्रेला दोन दिवस पुरणपोळी झाली की ते पाणी परत येतं आणि माणूस म्हणतो, ‘एका पोळीनं दोन किलो वाढलो.’

आता खरी चरबी. २०१८ साली स्टॅनफर्डमधल्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाचा ६०९ जणांवरचा वर्षभराचा अभ्यास आला. निम्मे कमी कार्बवर, निम्मे कमी फॅटवर. साखर आणि मैदा दोन्हीकडे तोडायला सांगितलेला. वर्षअखेर कमी कार्बवाले सरासरी ६ किलोंनी उतरले, कमी फॅटवाले ५.३ किलोंनी. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. दोन्ही गटांत काही जण भरपूर उतरले, काही उलट वाढले. मग सगळा दोष भाकरीच्या माथी कशासाठी?

लो_कार्ब_मिरज

त्याच अभ्यासातलं ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) का गाळलंत? कमी कार्ब गटात ते सरासरी २८ नी उतरलं, दुसऱ्या गटात जेमतेम १० नी. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉलही कमी कार्बवाल्यांचंच जास्त सुधारलं. आपल्याकडच्या रिपोर्टात नेमकं काय बिघडलेलं असतं? ट्रायग्लिसराइड चढलेलं, एचडीएल पडलेलं, हातपाय काडीसारखे आणि पोट पुढं. त्यावर काम करणारा आहार कोणता, ते तुमच्याच आकड्यांत आहे.

शिवाय तुलना कशाशी करताय? आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभरातल्या पाहणीत भारतीयांच्या एकूण कॅलरींपैकी ६२ टक्के कार्बमधून येतात असं निघालंय. आपलं साधं दुपारचं ताट मांडा. दोन भाकऱ्या, १६० ग्रॅम पीठ धरा: १०८ ग्रॅम कार्ब. वाटीभर भात, ५० ग्रॅम तांदळाचा: ३९. पिठल्याचं ३० ग्रॅम बेसन: १४. एका जेवणात १६० झाले. वर दिवसभरात तीन चहा, कपाला दोन चमचे साखर: आणखी ३०. यात प्रथिनं मोजायला बसलं तर २६-२७ ग्रॅमच्या वर जात नाहीत. हे ताट ज्यांना ‘संतुलित’ वाटतं त्यांनीच लोकांना गोळ्यांवर ठेवलंय.

कृष्णाकाठ

ट्रायग्लिसराइडचा मुद्दा मान्य, आकडे बरोबर आहेत. मग त्याच तक्त्यातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलही सांगा. कमी फॅटवाल्यांचं थोडं उतरलं, कमी कार्बवाल्यांचं थोडं वाढलं. बटर ‘पोटभर’ खाणाऱ्याचं एलडीएल काय होईल?

आयसीएमआरच्या त्याच पाहणीच्या आधारे २०२२ साली जे गणित मांडलं गेलं, ते मधुमेह्यांनी कार्ब ५० टक्क्यांच्या आसपास आणि प्रथिनं २० टक्क्यांपर्यंत न्यावीत असं सांगतं. २००० कॅलरी खाणाऱ्याला ५० टक्के म्हणजे २५० ग्रॅम कार्ब. जिमवाल्यांच्या यादीत उरतात २०-३०. ही दोन टोकं एका दावणीला बांधू नका.

आणि शुगर नॉर्मल होण्यासाठी कार्ब तोडावेच लागतात, हेही खरं नाही. ब्रिटनमधला ‘डायरेक्ट’ अभ्यास, २०१७. मधुमेह्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८२५ ते ८५३ कॅलरींची तयार पाकिटं दिली, त्यात ५९ टक्के कार्ब होते. वर्षानंतर ४६ टक्के लोक औषधाविना मधुमेहमुक्त, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४ टक्के. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली, शुगर उतरली.

लो_कार्ब_मिरज

८५० कॅलरीवर कोण किती दिवस तग धरणार? इथं लग्नसराईत माणूस पंगतीतून उठत नाही. कमी कार्बची जमेची बाजू भुकेत आहे. प्रथिनं आणि फॅटनं पोट भरलेलं राहतं, माणूस आपोआप कमी खातो.

शाळू_खटाव

तुमच्या दोघांच्या भांडणात भाकरी नाहक भरडली जातेय. माण-खटाव, जत, आटपाडीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या शाळूवर, म्हणजे रब्बीच्या ज्वारीवर जगली. तेव्हा हा साखरेचा आजार होता का घरोघरी? तो आला रेशनच्या गहू-तांदळाबरोबर, बेकरीच्या पावाबरोबर आणि उसाच्या पैशाबरोबर. २०२३ साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, भाषणं झाली, आणि आता तुम्ही मैदा आणि शाळू एकाच ओळीत बसवून ‘बंद’ म्हणताय. कापणीला माणूस मिळत नाही, पाखरं राखायला कुणी नाही, तरी शाळू पेरणारे पेरतात. शाळूनं शुगर वाढत नाही.

लो_कार्ब_मिरज

वाढते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते काढा. १०० ग्रॅम ज्वारीत ६७.७ ग्रॅम कार्ब, १० ग्रॅम प्रथिनं, १० ग्रॅम तंतू. गव्हाच्या आट्यात ६४ ग्रॅम कार्ब, साडेदहा ग्रॅम प्रथिनं, ११ ग्रॅम तंतू. कार्ब ज्वारीतच किंचित जास्त. केटोची, म्हणजे कार्ब जवळजवळ बंद करणाऱ्या आहाराची मर्यादा दिवसाला साधारण ५० ग्रॅम धरली तर एका भाकरीत ती संपते. भावना बाजूला ठेवा.

शाळू_खटाव

तक्त्यात एकूण कार्ब असतात, ते रक्तात किती वेगानं उतरतात ते नसतं. ज्वारीत कॅफिरिन नावाचं प्रथिन आहे. ते स्टार्चच्या कणांना धरून बसतं आणि ओल्या उष्णतेत शिजलं की आणखी घट्ट होतं. पोटातले पाचक रस तिथं सावकाश पोचतात. हे तुमच्या केटोच्या व्हिडिओत सांगत नाहीत.

आणि ज्वारी म्हणजे सगळी एक नव्हे. रब्बीचा शाळू, त्यातही मालदांडी, आणि खरिपाचं हायब्रीड यात चवीत, चिकटपणात जमीन-अस्मानाचा फरक. खरिपाच्या कणसावर काढणीवेळी पाऊस पडला की दाणा काळा पडतो. तो दळून बाजारात ‘ज्वारी आटा’ म्हणून विकतात, मग भाकरी कडवट लागते आणि लोक चपातीकडं वळतात. पीठ पंधरा दिवसांपेक्षा जुनं ठेवू नका, विरी जातं. थापताना कडा फुटतात, मग लोक त्यात गव्हाचं पीठ मिसळतात आणि म्हणतात आम्ही ज्वारीच खातो. दळण आठवड्यापुरतं काढा, थोडं जाडसर ठेवा. आणि रात्रीची शिळी भाकरी सकाळी ताकात कुस्करून खा, तिनं शुगर आणखी कमी चढते.

आहारकक्ष_कराड

शाळूचं बोलणं अर्धं बरोबर आहे. भाकरी गार झाली की स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो आणि लहान आतड्यात पचत नाही. पण तो काही ग्रॅमांचाच खेळ. शिळी आहे म्हणून दोनच्या तीन खाल्ल्या तर हिशोब उलटतो. शिवाय भाकरीचं पीठ आपण उकळत्या पाण्यात मळतो, तव्यावर पाणी फिरवतो. त्यात स्टार्च फुलून पचायला सोपा होतो. कॅफिरिनमुळे मिळालेलं निम्मं तिथं परत जाऊ शकतं. आणि दाणा काळा का पांढरा, मालदांडी का हायब्रीड, यानं कार्बचा आकडा फारसा हलत नाही.

घोटाळा होतो तो मापात. ‘एकच भाकरी खातो’ म्हणणाऱ्याची भाकरी ताटाएवढी असते. परातीत पीठ घ्यायच्या आधी वजनकाट्यावर वाटी ठेवून काटा शून्य करा, एका भाकरीचं पीठ त्यात घाला. बहुतेक घरांत ८० ते १०० ग्रॅम निघतं. ८० ग्रॅमची भाकरी म्हणजे २६७ कॅलरी, ५४ ग्रॅम कार्ब. प्रत्येकी ४० ग्रॅम आट्याच्या दोन चपात्यांत कार्ब ५१. वर तेल घरोघर वेगळं. एका भाकरीला दोन चपात्या, हे समीकरण पाठ करा.

दुसरं, शेंगदाण्याचं कूट. आपल्या भागात ते वांग्यात, आमटीत, मेथीत, काकडीच्या कोशिंबिरीतसुद्धा पडतं. मूठभर, ३० ग्रॅम कूट म्हणजे १७० कॅलरी. चौघांच्या भाजीला पळीभर तेल, साधारण ४५ मिली, म्हणजे ३७० च्या आसपास कॅलरी, माणशी नव्वदेक. भाकरी सोडणारे हे तसंच ठेवतात, वर पनीर वाढवतात आणि तिसऱ्या आठवड्यात काटा थांबला म्हणून चिडतात.

भुकेबद्दल म्हणाल तर अमेरिकेतल्या केव्हिन हॉल यांच्या गटाचा २०२१ चा अभ्यास उलट सांगतो. २० माणसं, प्रत्येक आहार दोन आठवडे, पोट भरेल तेवढं खायची मुभा. ७५ टक्के कार्ब असलेल्या वनस्पतिजन्य आहारावर ती केटो आहारापेक्षा रोज ६८९ कॅलरी कमी खात होती.

लो_कार्ब_मिरज

दोन आठवडे, वीस माणसं, तेही बंद खोल्यांत. आणि त्याच अभ्यासात जास्त कार्बवाल्यांची जेवणानंतरची शुगर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त चढले, ते कोण सांगणार? कॅलरीचं सांगायचं आणि शुगरचं लपवायचं, हा अर्धवटपणा झाला.

आहारकक्ष_कराड

शुगर चढते हे खरंच आहे. म्हणून मधुमेह्याला ७५ टक्के कार्ब मी सुचवणारच नाही. पण ‘कार्ब खाल्ले की भूक सुटते’ हा तुमचा दावा मात्र तिथं टिकत नाही.

औषधपेढी_विटा

तुमचं मालदांडी-हायब्रीड चाललंय, पण मूळ पोस्टमधल्या ‘गोळ्या बंद’वर कुणी नीट बोललं नाही. जीव तिथं जातो.

ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी खाणाऱ्यानं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं डोस तोच ठेवून भाकरी-भात एकदम बंद केला तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बोबडी वळणं, पहाटे तर झोपेतच. ग्लिमेपिराइड बऱ्याचदा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असतं; लोक म्हणतात ‘माझी साधी मेटफॉर्मिन आहे.’ एकटी मेटफॉर्मिन सहसा शुगर पाडत नाही, ही जोडगोळी पाडते. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. शुगर पडलीच तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात ढवळून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमी असेल तर पुन्हा द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन, तशीच एम्पाग्लिफ्लोझिन. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी. २०२० साली डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट संपलं, ती स्वस्त झाली, आता गावोगाव चालते. ही गोळी चालू असताना केटो केलं तर रक्तात आम्ल साठू शकतं आणि ग्लुकोमीटरवर आकडा १८०-२०० दिसतो, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप दिसली तर ग्लुकोमीटरवर विसंबू नका, कीटोन (चरबी जळताना तयार होणारं आम्ल) तपासायला सांगा. बीपीच्या गोळ्यांचंही तेच: मीठ-पाणी उतरतं, गोळी तीच राहते, माणूस उठताना चक्कर येऊन पडतो. डॉक्टरांना आधी सांगा, डोस त्यांनी ठरवायचा, मग ताटाला हात लावा. जिमवाल्याला हे सांगायचा अधिकार नाही.

लो_कार्ब_मिरज

याला माझं उत्तर नाही. जिमच्या पोस्टखाली हा प्रतिसाद जसाच्या तसा टाकतोय. पण यावरून ‘म्हणून कार्ब कमी करूच नका’ असा निष्कर्ष कुणी काढला तर मी पुन्हा भांडेन.

आहारकक्ष_कराड

तसं कुणी म्हणत नाही. गोळ्या नसलेल्या, मूत्रपिंड ठणठणीत असलेल्या ६०-६५ किलोच्या माणसाला मी सांगेन: दिवसाला ८० ग्रॅमच्या दोनच भाकऱ्या, भात बंद किंवा भाकरीऐवजी, चहातली साखर बंद. जागा रिकामी ठेवायची नाही. अख्खा मसूर कोरडा ६० ग्रॅम मोजून भिजवा, १३ ग्रॅम प्रथिनं. दोन अंडी १२. पाव लिटर दूध ८. वाटीभर दही ६. मूठभर फुटाणे ६. भाकऱ्यांचे १६. एकसष्ट झाले, जिमचा डबा न घेता. अंडी चालत नसतील तर २५ ग्रॅम सोयाबीन वड्या. कोरेगावचा वाघ्या घेवडाही चालेल, फक्त रात्रभर भिजवून पाणी टाका आणि कुकरला पुरता शिजवा; कच्चा राहिला तर उलट्या होतात.

लो_कार्ब_मिरज

पहिल्यासारखी दोन ताटं आणि चहा धरला तर हे दिवसाचे कार्ब जवळपास निम्म्यावर आले. म्हणजे माझंच म्हणणं, फक्त नाव वेगळं. दोन भाकऱ्या चालवून घेतो. शाळूला वेगळी सूट मात्र नाही.

शाळू_खटाव

सूट मागितली कुणी? ८० ग्रॅम तोलून घ्या. पण मालदांडीचं घ्या, आणि पीठ ताजं घ्या.