जाग येते पण हातपाय हलत नाहीत. सांगली-मिरजेत कुणाला दाखवू?

तिसरी_पाळी (कुपवाड): नमस्कार मंडळी. वय २८, एमआयडीसीत आठवड्याआड तिसरी पाळी. सकाळी सातला सुटतो, साडेआठला आडवा होतो. महिन्यात तीनदा असं झालं: जाग आलीय, पंखा दिसतोय, आईच्या कुकरची शिट्टी ऐकू येतीय, पण बोटसुद्धा हलत नाही. छातीवर कुणी बसल्यासारखं. परवा तर दाराशी माणूस उभा. ओरडलो, आवाजच निघंना. मिनिटभरात सगळं ठीक. कुणाला दाखवू? बजेट हजार-बाराशे. भूतबित सांगू नका.

कृष्णाकाठ: मर्दा, गादी बदल. विश्रामबागेतनं २२ हजारांची घेतली, तेव्हापासून मेल्यासारखा झोपतो.

तिसरी_पाळी: मेल्यासारखा तर मीही पडतोय, तोच प्रॉब्लेम आहे. आणि बजेट वाचलं का?

वाळव्याची_सून: भूत नको म्हणालात म्हणून गप्प बसणार होते. पण मला बाळंतपणानंतर असंच व्हायचं. सासूबाईंनी उशाखाली अडकित्ता ठेवायला लावला, थांबलं. (बाळही त्याच सुमारास रात्रभर झोपायला लागलं, ते वेगळं.)

मिरज_नाइट_ड्यूटी: ते वेगळं नाही ताई, तेच कारण. १४ वर्षं नर्स आहे. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, लकवा नव्हे. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू हातापायांना कुलूप लावून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरंच पळत सुटू. डोळे आणि श्वासाचा पडदा तेवढे मोकळे. कधी जाग आधी येते, कुलूप मागून निघतं. श्वास चालूच असतो, पण मुद्दाम खोल घ्यायला गेलात की छाती साथ देत नाही, म्हणून कुणी बसल्यासारखं वाटतं. दाराशी दिसला तो अर्धं राहिलेलं स्वप्न. अपुरी झोप, पाळीची झोप, ताण, उताणं झोपणं, यांनी वाढतं. जपानात यालाच कानाशिबारी म्हणतात. एकट्या वाळव्याचं भूत नाही हे.

हळदपेठ_काका: हेच म्हणणार होतो. उताणं झोपू नका, डाव्या कुशीवर झोपा. आणि रात्री भडंग बंद.

कराडकर: डावी कशाला? उजवी. डाव्या कुशीवर हृदयावर भार येतो.

हळदपेठ_काका: तीस वर्षं डाव्या कुशीवर झोपतोय, हृदय ठणठणीत आहे.

मिरज_नाइट_ड्यूटी: कुठलीही कूस चालेल, उताणं नको एवढंच.

कराडकर: भडंगाचा काय संबंध पण?

अजिंक्यतारा_७७: मी १४ हजारांचं घड्याळ घेतलं, झोपेचा आलेख दाखवतं. दोन वर्षांपासून मलाही होतंय.

तिसरी_पाळी: मग घड्याळाने थांबलं का?

अजिंक्यतारा_७७: नाही. पण कधी झोपलो ते कळतं.

वाळव्याची_सून: अडकित्ता दीडशेला मिळतो.

मिरज_नाइट_ड्यूटी: भाऊ, एकच विचारते. दिवसा कामावर अनावर झोप येते का? खूप हसलात की गुडघे लुळे पडतात का? तसं असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवाच, तो वेगळा आजार असू शकतो. नसेल तर आधी एखाद्या एमडी फिजिशियनला भेटा. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. आणि परत झालं तर सगळं अंग सोडवायच्या मागे न लागता एका अंगठ्यावर लक्ष द्या. काहींना उपयोग होतो.

कृष्णाकाठ: मूळ कारण तिसरी पाळी. सोड ती.

हळदपेठ_काका: सोडा. जीव आहे तर पगार आहे.

कराडकर: सोड भावा. आणि उजव्या कुशीवर झोप.

तिसरी_पाळी (तीन आठवड्यांनी): सगळ्यांचे आभार. पाळी सोडली नाही, तिच्या भत्त्यावर गाडीचा हप्ता जातो. गुडघे लुळे पडत नाहीत, म्हणून डॉक्टरांकडे अजून गेलो नाही (नर्सताई, रागवू नका). कुशीवर खांदा दुखतो, उताणाच झोपतो. मारुती रोडवरून जाड काळा पडदा आणला, ६५० रुपये, आणि आईला कुकर साडेसातच्या आत लावायला सांगितलाय. आता सलग सहा तास झोप लागते. तरी मागच्या गुरुवारी एकदा झालंच. अंगठ्याच्या मागे लागलो, हलला. माणूस तिथंच होता, पण पहिल्यासारखी फाटली नाही.

मिरज_नाइट_ड्यूटी: रागावलेय. डॉक्टर बाकी आहे.

कृष्णाकाठ: ६५० पडद्याला घातले? माझ्या गादीवर दोन उशा फुकट होत्या.