नोकरी सांभाळून, तीस वर्षांपूर्वी सुटलेली चित्रकला पुन्हा हाती धरता येईल का?

प्रश्न : भांडुपकर

नमस्कार. मी शेहेचाळीस वर्षांचा असून अंधेरीतील एका कंपनीत हिशेबाचे काम करतो. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षांत मला अ श्रेणी मिळाली होती आणि आमचे चित्रकलेचे सर जे. जे. या मुंबईतील कलाशाळेच्या प्रवेशाबद्दल वडिलांशी बोलायला लालबागच्या आमच्या चाळीत दोनदा येऊन गेले होते. वडील गिरणीत, साचेखात्यात म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते. १९८२च्या संपात त्यांची नोकरी गेली ती गेलीच, पुढे वीस वर्षे त्यांनी पहारेकरी म्हणून रात्रपाळ्या केल्या. त्यामुळे माझ्या दहावीनंतर घरात कॉमर्सखेरीज दुसरा विषय निघाला नाही. याचा राग माझ्या मनात नाही. कामगारांच्या हौशी नाटकांचे पडदे ते स्वतः रंगवत असत आणि संपानंतर त्यांनीही ब्रश हातात धरला नाही.

गेल्या महिन्यात माळा आवरताना माझी जुनी रंगपेटी सापडली. ट्यूबमधले रंग दगडासारखे घट्ट झाले होते, फक्त एका निळ्याच्या टोकाशी नखाने उकरल्यावर ओलसर रंग लागला. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने तो बोटावर घेतला आणि विचारले, “बाबा, तुम्हाला येत होतं तर थांबलात का?” तिला काय सांगावे ते मला सुचले नाही.

भांडुपहून घाटकोपर, तिथून मेट्रो, आणि तोच प्रवास परत, यात माझा दिवस संपतो. जी गोष्ट आता पोटापाण्याची होणार नाही, तिच्यासाठी रोजचा वेळ काढणे योग्य आहे का, की तोच वेळ आणि पैसा मुलीच्या चित्रकलेवर खर्च करावा? ज्यांनी मध्येच सुटलेली कला पुन्हा धरली आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

उत्तर १ : निवृत्त कलाशिक्षिका, मुलुंड

आपला प्रश्न वाचून मला माझे कितीतरी विद्यार्थी आठवले. ग्रेड परीक्षा दिली, प्रमाणपत्र आले, दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळाले आणि पेटी माळ्यावर गेली, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे आणि त्याचे दुःख मला आजही आहे, कारण ज्या वयात हात वळू लागतो नेमक्या त्याच वयात आपण मुलांना सांगतो की आता हे पुरे.

तीस वर्षांत हात जड होतो, हे खरे आहे. रेषा थरथरते, लंबवर्तुळ वाकडे येते, मडक्याची दोन्ही कडांची गोलाई सारखी येत नाही. पण पाहण्याची सवय माझ्या अनुभवात इतक्या लवकर मोडत नाही. निळा रंग फक्त टोकाशी ओला होता, हे आपण लिहिलेत. हे चित्रकाराचे पाहणे आहे आणि ते आपल्याकडे अजून शिल्लक आहे. हात परत येतो, मात्र त्याला रोज थोडे काम द्यावे लागते. रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे अधिक उपयोगाची ठरतात.

रंगांच्या मागे इतक्यात लागू नका. एक एचबी, एक टूबी आणि एक फोरबी पेन्सिल, खोडरबर आणि साधी वही एवढे पुरेसे आहे. इंटरमिजिएटला आपण स्मरणचित्र केलेच असेल, तेच पुन्हा सुरू करा. मेट्रोच्या गर्दीत वही उघडता येत नाही, हे मला माहीत आहे, म्हणून तिथे फक्त पाहायचे. समोर उभ्या माणसाने दांडी कशी धरली आहे, शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, खांद्यावरच्या पिशवीने मान किती कललेली आहे, हे दोन स्थानकांच्या मध्ये नीट पाहून घ्यायचे आणि रात्री घरी आठवून काढायचे. जिथे आठवणार नाही तिथे जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. दुसऱ्या दिवशी नेमके तेवढेच पाहून या.

प्रवासात जाणारा वेळ अशा प्रकारे आपलाच होतो, हे मी स्वतः अनुभवलेले आहे.

उत्तर २ : अक्षररेखा, गिरगाव

ताईंशी मी सहमत आहे, पण एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. मी अनेक वर्षे दुकानांच्या पाट्या आणि फलक हाताने रंगवून घर चालवले आणि फ्लेक्स आल्यावर ते काम बंद होताना पाहिले. त्यामुळे कलेवर पोट भरण्याची स्वप्ने मी कोणालाही दाखवत नाही. आपल्या वडिलांनी घेतलेला निर्णय त्या परिस्थितीत शहाणपणाचाच होता. आपली नोकरी आहे, ही आपली मोठी सोय समजा. आपल्या चित्राला कोणत्याही गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळावी लागणार नाही.

अंगभूत देणगी असली की सारे आपोआप येते, हा समज मात्र मनातून काढून टाकावा. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना जे. जे.ने प्रवेश नाकारला होता, हे अनेकजण हिंमत देण्यासाठी सांगतात. त्यातून मी वेगळाच अर्थ घेतो. त्यांनी पुढे याच शहरात एका वर्तमानपत्रासाठी अनेक दशके, दिवस चांगला असो वा वाईट, ठरलेल्या वेळेला चित्र हातावेगळे केले, आणि माझ्या मते त्यांचा हात त्या रोजच्या कामाने घडला. चित्रकार एम. एफ. हुसेन यांनीही उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवली होती. लहान छायाचित्रावर चौकटी आखून तोच चेहरा वीस फुटांवर उतरवताना डोळा आणि नाक यांच्यातले अंतर बोटभर चुकले तरी खालून ते लगेच दिसते. असे प्रमाणाचे शिक्षण वहीत मिळत नाही.

म्हणून माझे सांगणे असे की चूक दाखवणारे कोणीतरी शोधा. एकट्याने काढत राहिले की माणूस त्याच त्याच चुका सफाईने करू लागतो. आठवड्यातून एकदा एखाद्या जाणत्याला वही दाखवा आणि तो बोलत असताना स्वतःच्या चुकांचे समर्थन करू नका.

उत्तर ३ : दोन मुलांची आई, दादर

माझे म्हणणे फक्त मुलीपुरते आहे. क्लासला जरूर घाला, पण वेळ आणि पैसा तिच्यासाठी की तुमच्यासाठी असा प्रश्नच करू नका. मी सोळा वर्षांनी पुन्हा संवादिनी काढली, तेव्हा कधी सांगूनही रियाजाला न बसणारा माझा मुलगा आपणहून शेजारी येऊन बसू लागला, आणि मी चुकते, थांबते, तीच ओळ पुन्हा वाजवते, हे पाहिल्यावर त्याची चुकण्याची भीती कमी झाली. नारायण सुर्वे यांचा पहिला कवितासंग्रह १९६२ साली आला तेव्हा त्यांची पस्तिशी झाली होती आणि त्याआधीची वर्षे याच गिरणगावात कष्टाची कामे करण्यात गेली होती. आपले वय झाले, हे मनातून काढून टाका.

भांडुपकर (तीन आठवड्यांनंतर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटे बसतो आहे, दोनच दिवस खंड पडला. पहिल्या आठवड्यातली माणसे लाकडी बाहुल्यांसारखी आली. मेट्रोतली दांडी धरलेली मूठ आता थोडी जमू लागली आहे, मनगट अजून जमत नाही.

अक्षररेखा यांनी जाणता शोधायला सांगितले होते. रविवारी वडिलांना विचारले की तुटलेला धागा साच्यावर कसा जोडायचा, तो हात एकदा करून दाखवा. त्यांनी मुलीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि न पाहता गाठ मारली. ती बोटे मी काढली. वही पाहून ते म्हणाले, “अंगठा पुढे आलाय. गाठ मारताना तो मागे दबतो,” आणि तो कुठे दबतो ते त्यांनी माझ्याच बोटांवर दाबून दाखवले. मी खोडून पुन्हा काढला. अजून पुरता मागे गेलेला नाही.

ताई, एक शंका आहे. वडील खिडकीशी बसतात आणि साडेपाचनंतर उजेड झपाट्याने बदलतो, त्यामुळे अर्धी छाया एका बाजूची आणि अर्धी दुसऱ्या बाजूची येते. आधी सगळी छाया फिकी टाकून घ्यावी आणि मग गडद करावी, की दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बसावे?