तीन महिन्यांचं पिल्लू रोज किती चालवावं?

प्रश्न (लातूर):
घरी कारवान जातीच्या कुत्र्याचं ३ महिन्यांचं पिल्लू आलंय, वाघ्या. वडील म्हणतात, शिकारी जात आहे, रोज शेतापर्यंत न्या, पाय मोकळे होतील. शेत २ किलोमीटर. काल नेलं, तर परतताना बांधावरच पसरलं, हनुवटी मातीत टेकवून. उचलून आणलं. जीव तुटला माझा. किती चालवू?

उत्तर (परभणी):
ताई, २ किलोमीटर लई झाले. ढोबळ हिशोब असा, वयाच्या दर महिन्याला ५ मिनिटं. म्हणजे वाघ्याला एका वेळी १५ मिनिटं, दिवसातून दोनदा. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चा अजून मऊ असते, तिथूनच हाड वाढतं. ओढत चालवलं की तिथंच इजा होते. अंगणात मात्र मनासारखं हुंदडू द्या, दमलं की आपोआप झोपतं. १८ तास झोपलं तरी घाबरू नका.

उत्तर (नांदेड):
लसीचे डोस पूर्ण झालेत का? माझं पिल्लू पार्वो नावाच्या जीवघेण्या आजारानं गेलं. अर्धवट डोसवर रस्त्यावर नेलं होतं, अजून विसरलो नाही. साधारण १६ आठवड्यांचा डोस होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत अंगणातच ठेवा. अन् आपल्याकडचं ऊन! डांबरावर उलटा हात ७ सेकंद टेकवत नसेल, तर पिल्लाला नेऊच नका.

प्रश्नकर्ती:
शेवटचा डोस बाकी आहे. वडिलांना वाचून दाखवलं. आजपासून अंगणच. आत्ता वाघ्या चुलीपाशी पोतं ओढायलाय.