मदत हवी आहे: ट्रेसर्टमध्ये चौथ्या टप्प्यापासून संध्याकाळी विलंब वाढतो, दोष नेमका कोठे समजावा?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. महिनाभरापासून संध्याकाळी सहानंतर फायबरचे इंटरनेट इतके मंदावते की, अर्ज भरताना अंगठा घेतला जातो, पडद्यावर चक्र फिरत राहते आणि शेवटी वेळ संपल्याचा संदेश येतो. दिवसभर निंदण करून आलेल्या बायांच्या बोटांवरील रेषा आधीच झिजलेल्या असतात. मोठ्या मुश्किलीने जुळलेला ठसा असा वाया गेला की मला फार वाईट वाटते.

तक्रार केली की कंपनीकडून “तुमचा वायफाय राउटर बदला” एवढेच उत्तर मिळते. म्हणून वायफाय बंद करून, संगणकाला थेट केबल जोडून, मी सात दिवस पहाटे पाच आणि संध्याकाळी सात वाजता विंडोजवर ट्रेसर्ट (सर्व्हरपर्यंतच्या वाटेतील एकेक राउटर, म्हणजे टप्पा, आणि त्याच्याकडून उत्तर यायला लागलेला वेळ दाखवणारी आज्ञा) चालवले. माझ्या समजुतीप्रमाणे, प्रत्येक पॅकेटवरील (माहितीच्या छोट्या तुकड्यावरील) टीटीएलचा, म्हणजे त्याने जास्तीत जास्त किती राउटर ओलांडायचे याचा, आकडा वाटेतील प्रत्येक राउटर एकाने कमी करतो आणि तो शून्य झाला की पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवतो. ट्रेसर्ट हा आकडा 1, 2, 3 असा वाढवत नेते आणि त्यातून वाट उलगडते.

पहिला टप्पा माझाच राउटर, 1 मिलिसेकंद. दुसरा व तिसरा 4 ते 6. चौथ्याचा पत्ता 10 ने सुरू होतो, म्हणजे तो खासगी, फक्त अंतर्गत नेटवर्कमध्ये वापरायचा पत्ता आहे; तेथे पहाटे 19, तर संध्याकाळी 140 ते 180 मिलिसेकंद लागतात आणि ही वाढ पुढे थेट सर्व्हरपर्यंत टिकून राहते. सातव्या टप्प्यावर नेहमी तीन तारका दिसतात, म्हणजे उत्तर येत नाही, परंतु त्यापुढचे राउटर उत्तर देतात, म्हणून तिकडे मी लक्ष दिले नाही. चौथा एकटाच उशिरा बोलला असता तर तेही सोडून दिले असते, कारण राउटर पॅकेटे पुढे धाडण्याचे काम आधी करतात आणि अशी उत्तरे सवडीने देतात.

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. नागपूर-मुंबई 800 किलोमीटर धरले, तरी जाऊन-येऊन 8 मिलिसेकंद पुरतात. पहाटेचे 19 समजू शकतो. पण संध्याकाळी अंतर वाढत नाही. त्यामुळे तिसऱ्या व चौथ्या टप्प्यांच्या मधल्या लिंकवर गर्दी होऊन पॅकेटे रांगेत थांबतात, असे मला वाटते.

अडचण अशी की, ट्रेसर्ट जाण्याची वाट दाखवते, परतीची नाही. चौथ्या टप्प्यापासूनची उत्तरे दुसऱ्याच वाटेने येत असतील आणि गर्दी तिकडे असेल, तर मी भलत्याच लिंकला दोष देईन. सर्व्हर माझ्या ताब्यात नसताना हा फरक कसा ओळखावा? पाथपिंग दर टप्प्याला 100 पॅकेटे पाठवून गळती मोजते. त्याचा येथे उपयोग होईल का? आणि तक्रार पुन्हा राउटरवर येऊन न थांबता नेटवर्क पाहणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचावी, यासाठी तिला कोणत्या नोंदी जोडाव्यात? चौदाही नोंदी जपून ठेवल्या आहेत; सांगाल ती येथे पूर्ण देतो.