बांधवगड: मुलांना वाघ, बाबांना शिलालेख. कुठला झोन घेऊ?

पुण्याचा_भटक्या:
डिसेंबरात बांधवगडचं (मध्य प्रदेशातलं वाघांचं जंगल) घाटतंय. आम्ही पाच जण. मुलांना फक्त वाघ पाहिजे आणि बाबांना (वय ७२, इतिहास शिकवायचे) वाघाचं काही पडलेलं नाही, त्यांना किल्ला, गुहांमधले ब्राह्मी लेख आणि तो आडवा विष्णू बघायचाय. ट्रॅव्हलवाला म्हणतो कुठलाही झोन घ्या सगळं सारखंच. खरंय का? किल्ल्यावर चालत जाता येतं का? बाबांचे गुडघे बेताचेच आहेत.

रानभूल:
सारखंच कसं असेल हो! कोअरचे (जंगलाच्या आतल्या भागातले) सफारी झोन तीन, ताला, मगधी, खितौली, आणि किल्ला, शेषशय्या (तोच तुमचा आडवा विष्णू), बडी गुफा सगळं तालात. मगधी घेतलंत तर वाघ दिसेलही, पण बाबा तोंड पाडून परत येतील. बुकिंग एमपीच्या सरकारी साइटवर, नाताळात तालाच्या गाड्या भराभर संपतात म्हणून आजच बसा. बुधवारी दुपारची सफारी बंद. आयडी ओरिजिनल लागतो.
किल्ल्यावर पायी जायचं मात्र विसरा, वाघाचं राज्य आहे ते. जन्माष्टमीला वरच्या रामजानकी मंदिराची जत्रा असते तेव्हा एक दिवस लोकांना पायी सोडतात, पण तेव्हा भर पावसाळा, पार्क ३० सप्टेंबरपर्यंत बंदच असतं.

दगडधोंडे:
बाबांना माझा नमस्कार सांगा 🙂 शेषशय्या साधारण ३५ फुटांची, दहाव्या शतकातली, आणि तिच्या पायथ्याशी चरणगंगा उगम पावते. गाडी बरीच जवळ जाते. कलचुरी राजा युवराजदेवाचा अमात्य गोल्लक, त्याने वरच्या मत्स्य-वराह वगैरे अवतारांच्या मूर्ती करवल्या, तसे लेखच आहेत तिथे. गुहा त्याहून कितीतरी जुन्या, मघ राजांच्या काळातल्या, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासच्या. २०२२ मध्ये पुरातत्त्व खात्याने जंगलात पुन्हा सर्व्हे केला त्यात आणखी २६ गुहा नोंदवल्या, त्यातल्या बहुतेक आपल्याला बघायला मिळणार नाहीत, पण बाबांना वाचायला मजा येईल.

कॉल_आला_रे:
हे सगळं ठीक पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. जिप्सीत बसलात आणि चितळाचा किंवा वानराचा कॉल (वाघ जवळ असल्याचा इशारा) आला की ड्रायव्हर-गाइड दोघंही सगळं सोडून तिकडे पळतात, मग कसली गुहा न कसला विष्णू, वेळ संपली चला गेटवर! त्यात त्यांचीही चूक नाही, नव्वद टक्के पब्लिक वाघ दिसला नाही तर त्यांनाच बोलतं. म्हणून गेटवरच सांगा की ही राइड शेषशय्येची आहे, वाघ दिसला तर बोनस. मुलांसाठी दुसरी सफारी मगधी किंवा खितौलीची वेगळी काढा. आणि पहाटे उघड्या गाडीत हाडं गोठतात, बाबांना कानटोपी, हातमोजे, चादर सगळं द्या.

विदर्भकर:
मुलांना हेही सांगा की गवे इथून पार नाहीसे झाले होते, २०११ पासून कान्हातून आणून पुन्हा सोडले, आता कळप दिसतात. २०१८ ला छत्तीसगडकडून जंगली हत्ती आले ते इथेच राहिले. पांढऱ्या वाघाच्या आशेने मात्र कुणी जाऊ नका, १९५१ साली रीवाच्या महाराजांनी पकडलेला मोहन ही जुनी गोष्ट, आता पांढरा वाघ बघायचा तर मुकुंदपूरच्या प्राणिसंग्रहालयात.

पुण्याचा_भटक्या:
भारी, धन्यवाद सगळ्यांना! ताला दुपारची मिळाली, मगधी सकाळची बघतोय. ट्रेन कटनीपर्यंत काढू की उमरिया?

रानभूल:
उमरिया जवळ, तिथून तासाभरात ताला. पण पुण्या-मुंबईकडून कटनीच्या गाड्या जास्त, तिथून टॅक्सी करा. रिसॉर्टवाल्याला आधी भाडं विचारून ठेवा.