साडेनऊ हजारांचा डेस्कटॉप घ्यावा का? (सोसायटीच्या ग्रुपवरून)

बी 304 (वहिनी): नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. लेकीचं बी.कॉम. सुरू झालंय, तिला टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिकायचंय. मी घरून दोन-तीन दुकानांचे जीएसटीचे हिशेब करते, ते ग्रुपवर सगळ्यांना माहीतच आहे. आमचा लॅपटॉप आता एक्सेल उघडतानाही धापा टाकतो. सिल्व्हर मॉलमध्ये एका दुकानात जुना डेस्कटॉप बघितला. आय 5, 16 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी, काचेचं कॅबिनेट, आत रंगीत दिवे. साडेनऊ हजार सांगतोय. "भाभीजी, विंडोज 11 डाल के देंगे, मक्खन चलेगा." घेऊ का?

बी 201: दिवे आहेत म्हणजे यंदा आकाशकंदिलाचा खर्च वाचला 😄

ए 501: वहिनी, आय 5 च्या पुढचा आकडा काय आहे? कोटेशनवर असेल बघा.

बी 304 (वहिनी): 4590

ए 501: म्हणजे फोर्थ जेन, चौथ्या पिढीचा. 2014 चा प्रोसेसर. इंटेलचं आय 5 हे नाव 2009 पासून चालू आहे, त्यामुळे नुसतं "आय 5 आहे" याला काही अर्थ नाही. पुढचा आकडा बघायचा.

सी 102 (अण्णा): मग काय बिघडलं? टॅलीला काय रॉकेट लागतं का? माझा त्याहून जुना आहे. एसएसडी बसवल्यापासून चहा गाळेपर्यंत चालू होतो. साडेनऊ हजारांत 16 जीबी कोण देतंय हल्ली? घेऊन टाका.

ए 501: अण्णा, वेगाचं तुमचं म्हणणं खरंच आहे. जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलं की फरक लगेच कळतो, त्यापुढे प्रोसेसर बदलल्याचा फरक किरकोळ वाटतो. पण तुमचा घरचाच होता, तुम्ही फक्त एसएसडीचे पैसे घातले. वहिनी आज खिशातून पूर्ण पैसे देणार. आणि त्यांच्याकडे दुसऱ्यांचे हिशेब आहेत, पोर्टलचे पासवर्ड आहेत.

विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले. घरगुती वापरासाठी वाढीव मुदत आहे, तीसुद्धा 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर एट्थ जेनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. फोर्थ जेन त्या यादीत नाही. दुकानदार "डाल के देंगे" म्हणतो ते तपासणी चुकवून. चालेल, आज चालेलच. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हिशेबाच्या कामासाठी मी तरी असं मशीन घेणार नाही.

बी 304 (वहिनी): मग हाच घेऊन नंतर प्रोसेसर बदलता येणार नाही का? पैसे आले की हळूहळू अपग्रेड करू, असा विचार होता.

ए 501: तिथेच तर फसगत आहे. फोर्थ जेनच्या बोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, 1150, एट्थ जेनचं 1151. बसतच नाही. सिक्स्थ-सेव्हन्थ जेनच्या बोर्डावर 1151 च लिहिलेलं असतं, तरी एट्थ जेन तिथेही चालत नाही. बरं, रॅम तरी पुढे वापरता येईल म्हणाल, तर ती जुन्या प्रकारची, डीडीआर 3 आहे. डीडीआर 4 ची खाचच वेगळ्या जागी असते. त्यातून अशा असेंबल्ड डब्यांत बहुतेक एच 81 चा बोर्ड असतो, त्याला रॅमचे दोनच स्लॉट आणि कमाल 16 जीबी. म्हणजे तो डबा आजच पूर्ण भरलेला आहे. नंतर अपग्रेड म्हणजे एसएसडी काढून घ्यायची आणि बाकी सगळं कचऱ्याच्या गाडीत, ई-वेस्टच्या खान्यात.

ए 303 (मामी): आमच्या माळ्यावर एक आहे, हवा असेल तर घेऊन जा गं. फुकट. फक्त पुसून घे.

बी 201: मामी, तो फ्लॉपीवाला ना?

सचिव: उद्या सकाळी नर्मदेच्या पाण्याची लाईन येणार नाही. आजच भरून ठेवा. हा ग्रुप सूचनांसाठी आहे याची सर्वांनी नोंद घ्यावी.

सचिव: बाय द वे, ऑफिसातला डेल ऑप्टिप्लेक्स 3050 आहे, सेव्हन्थ जेन. फार स्लो झालाय. नवीन घ्यायचा ठराव आणू का?

ए 501: अजिबात नको. आत साधी हार्ड डिस्क आहे, मी बघितलीय. एसएसडी टाका. पावत्या तर आपण ब्राउझरमध्येच काढतो, त्याला विंडोजची गरज नाही. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून देतो, परवान्याचे पैसे नाहीत आणि अपडेटही चालू राहतील. प्रिंटर चालतो का ते आधी पेन ड्राइव्हवरून लावून बघू, मगच कायमचं टाकू.

सी 102 (अण्णा): शाब्बास. मग वहिनींनाही लिनक्सच द्या की. फोर्थ जेनवर उत्तम चालतं.

ए 501: टॅली लिनक्सवर थेट चालत नाही ना अण्णा. नाहीतर मी तेच म्हटलं असतं.

बी 304 (वहिनी): बरं, मग काय मागू ते एका ओळीत सांगा. मी संध्याकाळी जातेय.

ए 501: कंपनीच्या ऑफिसांतून निघालेलं ब्रँडेड मशीन, एट्थ जेन किंवा पुढचं. आय 5-8500 मिळाला तर छान, सहा कोर आहेत, तुमच्या 4590 ला चारच. 8 जीबीने सुरुवात चालेल, पण एक स्लॉट रिकामा असू दे. मात्र 16 जीबीचं योग्य भावात मिळत असेल तर तेच घ्या. 2025 च्या शेवटापासून रॅम महाग झालीय, एआयच्या डेटा सेंटरांकडे माल वळलाय. सुटी घ्यायला गेलात तर टोचेल.

बी 304 (वहिनी): दुकानातून लिहितेय. डेल ऑप्टिप्लेक्स 7010 दाखवतोय, 11 हजार. म्हणतो एकदम नवीन मॉडेल, नेटवर बघा. मी बघितलं तर खरंच 2023 चं येतंय!

ए 501: थांबा. डेलने 7010 हे नाव दोनदा वापरलंय. एक 2012 चं, थर्ड जेन. दुसरं 2023 चं, थर्टीन्थ जेन. 11 हजारांत कुठलं असेल ते तुम्हीच ओळखा. मागे सर्व्हिस टॅग चिकटवलेला असतो, तो डेलच्या साईटवर टाका. कधीचं आहे ते कळेल.

बी 304 (वहिनी): 2012 😡 आता एचपी एलिटडेस्क 800 जी 4 काढलाय. आय 5-8500, 8 जीबी, 256 एसएसडी. साडेसोळा.

ए 501: हा बघण्यासारखा आहे. समोर चालू करायला लावा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा, "स्लॉट्स यूज्ड" काय येतंय? मग विंडोज-आर दाबून टीपीएम.एमएससी टाइप करा, 2.0 दिसायला हवं. सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशनही बघा. ब्रँडेड मशीनची विंडोजच्या परवान्याची चावी बायोसमध्येच, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये असते, दुकानदाराने "ॲक्टिवेट करके" देण्याची गरज पडायला नको. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो उघडायला सांगा, एसएसडी किती तास चालली ते दिसतं. वर्षाचे तास 8,760 होतात, त्या हिशेबाने बघा.

बी 304 (वहिनी): दोनपैकी एक स्लॉट भरलेला. टीपीएम 2.0. ॲक्टिव्हेटेड, डिजिटल लायसन्स. एसएसडी 312 तास. तारीख मात्र 2018 दाखवतोय.

ए 501: 312 म्हणजे एसएसडी नवीनच टाकलीय. तारखेचं म्हणाल तर बोर्डावरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर 2032 सेल संपलाय. नाण्याएवढा असतो, घड्याळजीकडेही मिळतो. तो बदलून द्या म्हणावं, आणि त्यावरच पाचशे कमी करायला लावा.

बी 201: पाचशे? वहिनी हजार करतील.

बी 304 (वहिनी): पंधरा हजारांवर आलाय. तीन महिन्यांची वॉरंटी. सेलही बदलतोय.

ए 501: घ्या. घरच्या मॉनिटरला निळी व्हीजीए केबल आहे ना तुमच्या? याला मागे डिस्प्ले पोर्ट असेल, त्यामुळे डीपी टू व्हीजीए कन्व्हर्टर तिथूनच घ्या. वाय-फायही विचारा, ऑफिसच्या मशीनला बहुतेक वेळा नसतं. नसेल तर यूएसबी डोंगल.

बी 304 (वहिनी): कन्व्हर्टर घेतला. वाय-फाय नव्हतं, डोंगल त्याच्याकडूनच फुकट घेतलं. पण आता म्हणतो कच्चं बिल देतो, जीएसटी वाचेल.

सी 102 (अण्णा): हे त्याने कोणाला सांगितलं 😂

बी 304 (वहिनी): पक्कं बिल घेतेय, सिरीयल नंबर टाकून. थांबलेय काउंटरवर.