टेलव्हील शिकवताना विमान आपल्याकडे कधी घ्यायचं?

आर्वीकर
राम राम मंडळी. मी आर्वी तालुक्यातला, दिवाळीला घरी आलोय. अमेरिकेत इन्स्ट्रक्टर रेटिंग घेतलं, माझे बहुतेक तास सेस्ना 152 चे. परत गेलो की 1946 च्या पायपर जे-3 कबवर शिकवायचंय. टेलव्हीलचं, म्हणजे शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचं, एन्डॉर्समेंट (परवानगीची नोंद) झालंय, स्वतः नीट उतरवतो. पण कबमध्ये विद्यार्थी मागे बसतो आणि मी पुढे. मला त्याचे पाय दिसत नाहीत, त्याला समोर माझी पाठ. शेपूट वळायला लागलं तर किती थांबायचं? लवकर धरलं तर तो शिकत नाही, उशीर झाला तर विमान फिरतं. जुन्या लोकांनी सांगावं.

धुऱ्यावरचा
मले विमानातलं कळत नाही भाऊ. पण चाक मागं असलं तर एवढा काय फरक पडते?

जुना पुष्पकवाला
धुऱ्यावरचे भाऊ, आधी तुमचं. ट्रॉली लावून ट्रॅक्टर पुढे नेला तर ट्रॉली आपोआप सरळ येते. रिव्हर्स घेतला अन् ती जराशी वाकडी झाली की आणखी वाकडी होत जाते. सेस्नाचं वजन मुख्य चाकांच्या पुढे पडतं. कबचं मुख्य चाकांच्या मागे, म्हणून जमिनीवर ती कायम रिव्हर्समधली ट्रॉली.

आता बेटा, तुझं. मी शिकवलं ते एचएएलच्या पुष्पकवर. 90 हॉर्सपॉवर, कापडी पंख, सीट शेजारीशेजारी. पोट्ट्याचे पाय दिसायचे, पण मी पाहत नसे. शेपटीवरचं उभं सुकाणू, म्हणजे रडर, वळवणाऱ्या पेडलवर माझे पाय नुसते टेकवलेले असायचे, अंगठ्याखाली सगळं कळतं. घाबरलेला पोट्टा दोन्ही पेडल एकदम दाबून धरतो, पेडल खुंट्यासारखं घट्ट लागतं. तसं लागलं की म्हणायचं, "पाय सैल." ऐकलं नाही तर विमान लगेच आपल्याकडे घ्यायचं, मग शेपूट सरळ का असेना. त्याचे पाय हलत असतील, छोटे छोटे दाब चालू असतील, तर शेपूट थोडं इकडेतिकडे जाऊ दे. किती अंश वळलं ते मोजत बसू नको. वळण्याचा वेग वाढतोय की मोडतोय, ते बघ. वाढतोय तर तुझं.

माझी चूक सांगतो. एक हुशार पोरगा तिन्ही चाकांवर अलगद उतरला. मी मनातल्या मनात शाबासकी दिली अन् पाय मागे घेतले. त्यानेही घेतले. वेग उतरला की रडरवर वारा राहत नाही, विमान फिरतं ते तिथंच. नाक डावीकडे गेलं, उजवा पंख जमिनीला घासला, टोकाचं कापड फाटून आतल्या फासळ्या उघड्या पडल्या. कोणाला लागलं नाही. पण तो पोरगा दोन महिने क्लबकडे फिरकला नाही, अन् चूक माझी होती. तेव्हापासून विमान पूर्ण थांबेपर्यंत मी पेडलवरून पाय काढला नाही. तुझ्या कबमध्ये विद्यार्थ्याची स्टिक, म्हणजे हातातला दांडा, सुद्धा तोवर पोटाशीच राहू दे.

आर्वीकर
काका, तुमच्या उत्तराचा कागद करून सोबत नेणार आहे. मागून समोरचं दिसत नाही, त्याचं काय करायचं?

जुना पुष्पकवाला
नाकाकडे पाहूच द्यायचं नाही. धावपट्टीच्या दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसल्या पाहिजेत, दोन्हींकडची जागा सारखी. टॅक्सीला, म्हणजे जमिनीवर विमान चालवताना, नागमोडी चाल, म्हणजे समोरचं दिसतं. पहिले दोन धडे नुसती टॅक्सीच कर, हळू, गवतावर. विद्यार्थी कंटाळतील, कंटाळू दे. आणि टेकऑफला शेपूट उचलताना तुझ्या कबचं नाक डावीकडे ओढतं, तेव्हा त्याचा उजवा पाय आधीच तयार पाहिजे. हे बोलून ठेव, हवेत सांगायला वेळ नसतो.

धुऱ्यावरचा
ट्रॉलीचं आता ध्यानात आलं. आर्वीकर, वावरात रिव्हर्स घेऊन पाहा न बाप्पा.

आर्वीकर
सोयाबीन निघालंय, बाबांचा ट्रॅक्टर मोकळाच आहे. उद्या सकाळी घेतो.

जुना पुष्पकवाला
घे. अन् जाताना पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट ने. जाड बुटात पेडल कळत नाही.